वहिनींना दाखवलेली नदी

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळही बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी तिची कायमची तक्रार आहे. तुम्हाला सांगायला बसलोय, पण कुठून सुरुवात करावी? गोष्ट छोटीच आहे. एका शब्दाची.

आधी माझी खोड सांगतो. मला बढाया मारायला आवडतं. पुण्याहून जर्मनीत स्टुटगार्टला डॉक्टरेट करायला आलो, तेव्हा उन्हाळा लागला की इथले लोक गाडीच्या टपावर सामान बांधून इटलीला पळायचे. प्रयोगशाळेतल्या मंडळींबरोबर मीही एकदा गेलो, एका तळ्याकाठी तंबूत राहिलो, भरपूर कलिंगडं खाल्ली आणि परत आलो. एवढंच माझं भांडवल. पण पुढच्या सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा सांगत सुटलो — इटली काय, आपल्या परसात आहे! भाषा येते, खेडीपाडी पायाखालची आहेत. तपासायला कोण येणार होतं?

आला ना. वसंता आला.

वसंता माझा कॉलेजातला मित्र. साठ सालाच्या आगेमागे तो इथल्या एका कारखान्यात प्रशिक्षणासाठी आला, पाठोपाठ मालतीवहिनीही आल्या. मी तेव्हा स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला एका खोलीत राहायचो. पहिल्याच रविवारी दोघं चहाला आली आणि वहिनींनी हळूच विषय काढला.

"भाऊजी, तुम्हाला इटलीतलं सगळं माहीत आहे म्हणतात हे. माझ्या दादाची जागा दाखवाल?"

वहिनींचा थोरला भाऊ महायुद्धात पलटणीबरोबर इटलीला गेला आणि परत आलाच नाही. त्याच्या एका सोबत्यानं साताऱ्याजवळच्या त्यांच्या घरी येऊन सांगितलं होतं — तो पडला तिथे नदीचं वळण आहे, वर टेकडीवर चर्च आहे, आणि जवळच्या गावाचं नाव अमुक. ते नाव वहिनींना देवाच्या नावासारखं पाठ होतं. म्हाताऱ्या आईला अजून वाटायचं, पोरगा येईल. तिकडची चिमूटभर माती नेली तर तिचा जीव शांत होईल, असं वहिनींना वाटत होतं.

"याऽ, याऽ, गेनाऊ!" मी ऐटीत जर्मनमध्ये म्हटलं — हो, हो, अगदी बरोबर. "ते गाव ना? माहीत आहे की."

नकाशात ते शोधायला मला अर्धा दिवस लागला.

ऑगस्टमध्ये माझ्या जुन्या, खडखडत्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. डोंगर ओलांडला आणि माझ्या अंगात वाटाड्या संचारला. ही सूर्यफुलं, ही द्राक्षं, हे ऑलिव्ह, या घरांच्या भिंती जाड का — विचारायचा अवकाश, मी सांगायचो. निम्मं खरं, निम्मं तिथल्या तिथे रचलेलं. वसंता खूश. वहिनी मात्र प्रत्येक पुलावर खिडकीतून वाकून खाली पाहायच्या.

भाषेचं सोंग मी कसं निभावलं? खानावळीत मालकाला बाजूला घेऊन जर्मनमध्ये बोलायचं आणि परत येताना "ग्रात्सिए", म्हणजे आभार, एवढं इटालियन मोठ्यानं म्हणायचं. एवढ्यावर भागत होतं. पण ते गाव आडबाजूला होतं, डोंगराच्या पलीकडे. वाट विचारल्याशिवाय सापडणार नव्हतं. आणि शेतातल्या म्हाताऱ्याला वाट विचारायची तर वसंतासमोर माझं इटालियन उघडं पडणार. मी विचारलं नाही. एका फाट्यावर चुकलो, दुसऱ्यावर चुकलो — गाडी तापली, ऊन मी म्हणत होतं. शेवटी एका वळणावर नदी दिसली. वर टेकडी होती, टेकडीवर चर्च होतं. तिकडे चर्च नाही अशी टेकडी असते का हो?

वहिनींचा आवाज बदलला. "भाऊजी — हीच का ती?"

आणि मी म्हटलं, "हो. हीच."

बस. हाच तो शब्द. पण खोटं बोलणारा एका शब्दावर थांबतो थोडाच? मी हात करून दाखवलं — पलटण तिकडून उतरली असणार, इथे पाण्यात शिरली असणार. कुणी विचारलं नव्हतं. मीच रंगलो होतो!

वहिनींनी पिशवीतून निरांजन काढलं. तूप, फुलवात, कुंकू, अक्षता — सगळं घरून आणलेलं. वाऱ्यानं ज्योत टिकेना, तेव्हा वसंतानं आपली हॅट आड धरली. वहिनी ओवाळू लागल्या, आणि "दादा, उशीर झाला रे मला," एवढंच म्हणाल्या. मग माती रुमालात बांधून घेतली. मी पाठ फिरवून गाडीचं झाकण उघडून उभा राहिलो. पाणी घालायचं कधीच झालं होतं.

परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, "आजपासून मी तुम्हाला भाऊजी म्हणणार नाही. दादा म्हणणार."

आणि तेव्हापासून म्हणतात. मी पुण्याला कुठल्याही महिन्यात जावो, मला पाटावर बसवून ओवाळतात. माती आईनं स्वतःच्या हातानं कृष्णेत सोडली, आणि नंतर दार वाजलं की दचकणं थांबलं म्हणे. आई शांतपणे गेल्या. तुम्ही म्हणाल, मग चांगलंच झालं की. हे मीही स्वतःला पुष्कळ वर्षं सांगून पाहिलं. पण मी ते त्यांच्यासाठी केलंच नव्हतं ना! मला वाट विचारायची लाज वाटली, म्हणून एका बहिणीला मी भलत्याच नदीला ओवाळायला लावलं, आणि वर तिच्या भावाचं 'दादा' हे नावही घेऊन बसलो.

लिहिलं एकदाचं. छातीवरचा धोंडा उतरला, आणि मला इतकं हलकं वाटतंय की त्याचीही जरा लाजच वाटते. आता हे कागद आधी वहिनींना धाडणार. त्यांनी रागवावं की बोलणं टाकावं, ते त्यांचं. खऱ्या गावाची वाट सोबत लिहून देतोय. गेल्या उन्हाळ्यात एकटा जाऊन, दहा जणांना विचारत, ते शोधून आलो.

एकच गोष्ट त्यांना सांगता येणार नाही. त्या नक्की विचारतील — मग दिवा लावला ती जागा कुठली होती? मला माहीत नाही. तिथल्या गावाच्या पाटीवरचं नाव मी वाचलंसुद्धा नव्हतं.