बोटांत राहिलेली थंडी

ग्लेशियरवर पोस्टिंग आलं तेव्हा मी हवालदार होतो. गाव जळकोट. चौकी एकोणीस हजार फुटांवर, माणसं सहा. त्यांत मराठी दोघंच: मी आणि लातूरजवळच्या मुरुडचा लान्स नायक रशीद. त्याच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. आमच्या फाटक्या हातमोज्यांना टाके तोच घालायचा.

पहाटे पाचला स्टोव्ह पेटवून बर्फ वितळवायचं. सातला रेडिओवर हजेरी. संध्याकाळी मी प्रत्येकाचे हातपाय तपासायचो. बोट पांढरं पडलं की रिपोर्ट. चोळायचं नाही, स्टोव्हवर शेकायचं नाही, कोमट पाण्यात बुडवायचं. तसा हुकूमच होता.

त्या दिवशी सकाळी नऊला आम्ही तिघं खालून रॉकेल आणायला निघालो. एकाच दोराला बांधलेले. पुढे रशीद, मध्ये मी, मागे रेडिओवाला मोहन. नऊ चाळीसला रशीदच्या पायाखालचं बर्फ खचलं आणि तो खोल भेगेत गेला. दोराच्या हिसक्याने मी तोंडावर पडलो. बर्फात कुऱ्हाड रोवली, तेव्हा थांबलो.

"रशीद!"

"हाय, साब. पाय मोडला वाटतं."

"हलू नको. दोर धरलाय."

मागून मोहन रेडिओवर बोलत होता. उत्तर आलं, "पार्टी चल पडी है. चालीस मिनट. रस्सी मत छोडना. ओव्हर."

दोर कुऱ्हाडीला बांधायचा होता. जाड हातमोज्यांनी गाठ बसेना. मी ते काढले. एक वाऱ्याने नेला. गाठ बसली, पण कुऱ्हाड हलत होती, म्हणून दोर हातातच ठेवला. मोहनने मागून ताण धरला होता.

"रशीद, बोलत राहा."

"बोलायलो की."

वीसेक मिनिटं तो बोलला. मुरुडच्या बाजाराचं, बहिणीच्या लग्नाचं. मग नुसतं "हाव" म्हणायला लागला. मग तेही थांबलं.

पार्टी दहा पंचवीसला पोचली. त्याला वर काढायला आणखी पंचवीस मिनिटं लागली. श्वास चालू होता. ढगांमुळे हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. मी त्याचा हात धरून बसलो. अकरा दहाला तो गेला.

हॉस्पिटलमध्ये माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं कापली. राहिलेली बोटं आता मला लातुरात थंडी दाखवतात. फ्रिजमधली बाटली धरली, डिसेंबरात सकाळी गाडीचं हँडल धरलं, की बोटं पांढरी पडतात, मग निळी. रक्त परत येतं तेव्हा सुया टोचल्यासारखी आग होते. दहा-पंधरा मिनिटं बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्या आखडतात. तंबाखू बंद." केली. आता घराबाहेर लोकरी हातमोजे, खिशात दुसरा जोड. शर्टाची बटणं बायको सुनंदा लावते. दुखायला लागलं की ती न विचारता कोमट पाण्याचं भगुणं पुढे ठेवते. चौकातले लोक हसतात. "फौजी, हितं कुठं बर्फ हाय?" मीही हसतो.

हे कुणी विचारलं तर सांगतो. मुरुडचं सांगत नाही.

हॉस्पिटलमधून सुटी मिळाली आणि मी आधी मुरुडला गेलो, मग घरी. रशीदच्या वडिलांनी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि ते माझ्यासमोर बसले. त्याची अम्मा आतून आली. तिने माझा पट्ट्या बांधलेला हात बघितला.

"तू होतास ना त्याच्याजवळ?"

"हाव, अम्मा. शेवटपर्यंत."

"त्याचे हात लई गार झालते का रे?"

"न्हाई, अम्मा. गरम होते."

तिने पदर डोळ्यांना लावला. "बरं झालं," म्हणाली.

खरं काय ते मला माहीत नाही. वीस मिनिटं रशीदचा हात माझ्या हातात होता. पण तेव्हा माझ्या बोटांना काहीच कळत नव्हतं.