नाव आधी बाबांनी घ्यायचं

थंडीत दर रविवारी आमची सहा-सात जणांची मंडळी सिरपूरच्या तलावावर पक्षी बघायला जाते. तिचा एक रिवाज आहे. पक्षी कोणालाही दिसो, नाव आधी बाबांनी घ्यायचं. बाबा म्हणजे माझे सासरे, निवृत्त मास्तर. सगळ्यांना हा नाद त्यांनीच लावला, म्हणून हा मान. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा मला चिमणी-कावळ्यापलीकडे काही कळत नव्हतं. आज मी बदकांवरून लोकांशी भांडते, ही त्यांचीच कृपा.

यंदा दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा पडदा खराब झालाय, नजर आता सुधारायची नाही. बाबांनी एकेक सोडायला सुरुवात केली. पेपर गेला, टीव्ही गेला, रात्री सराफ्यात खायला जायची चक्करही गेली. उरला फक्त रविवार. तोही सुटला तर हा माणूस खुर्चीत बसून संपेल, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

त्या रविवारी धुकं जरा विरलं तशी बाबांनी दुर्बीण लावली आणि पाणगवताकडे बोट केलं. “देखो भिया, आला आपला पाहुणा! चक्रवाक!”

आम्ही पाहिलं. चक्रवाकाच्याच केशरी रंगाची एक पन्नी, प्लॅस्टिकची पिशवी, गवतात अडकली होती. स्वच्छतेचा एवढा डंका पिटणाऱ्या शहरात तिला नेमकी हीच जागा मिळाली!

मंडळीतले एक काका म्हणाले, “हो ना मास्तरजी, एकदम बढिया दिसतोय.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. प्रेमानेच, मला कळत होतं. पण मला राग आला. जन्मभर ‘नाही दिसला तर नाही दिसला म्हणा’ असं बजावणाऱ्या माणसाची ही लहान मुलासारखी समजूत काढायची? आणि त्यांना खरं सांगितलं तर उद्यापासून ते घराबाहेर पडायचे नाहीत.

“बाबा,” मी म्हटलं, “ती पन्नी आहे.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सासऱ्यांवर हात उगारला. बाबांनी दुर्बीण खाली घेतली. मग काकांना म्हणाले, “तुमचीही नजर गेली वाटतं?” आणि माझ्याकडे वळले. “पलीकडे काही हलतंय. काय आहे?”

“बदक. डोकं हिरवं, छाती पांढरी.”

“पोट?”

“तांबूस.”

“चोच बघ. घाई नको.”

“रुंद आहे. पुढे पसरट, चमच्यासारखी.”

“थापट्या,” बाबा म्हणाले. आणि थापट्याच होता.

किती मोठा माणूस! चारचौघांत चूक दाखवली तर मी आठवडाभर फुगून बसते. हे तिथल्या तिथे नवी रीत शोधून मोकळे झाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण चिखल होता आणि मंडळी बघत होती.

परतताना मात्र गाडीत त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या पिशवीत ठेवून दिली. आता रविवारही सुटला, असं मला वाटलं. घर जवळ आलं तसे म्हणाले, “पुढच्या रविवारी जरा लवकर निघू. आता सगळं तुला विचारून घ्यायचं म्हणजे वेळ लागणार.”