उपाशी पोवळी

कवळीताईचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, असं तिचा नवरा सांगायचा. वर जोडायचा, "नाक लहान आहे म्हणून निभावलं. मोठं असतं तर मी कधीच घर सोडलं असतं." लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, त्यामुळे हे तो तिच्या तोंडावर बोलू शकत असे. तीही हातातलं काम न थांबवता "अजून वेळ गेलेली नाही" म्हणत असे.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. नाव तिथूनच पडलं. लॅब म्हणजे तळघरातल्या दोन खोल्या. एकीत प्लास्टरचे जबडे फळ्यांवर ओळीनं मांडलेले, दुसरीत घासायची यंत्रं, आणि दोन्हीकडे पांढरी भुकटी. मेणात एकेक दात बसवायचा, साचा भरायचा, उकळायचा, फोडायचा, मग घासून घासून अशी चकाकी आणायची की जिभेला कुठे खरखर लागू नये. सव्वीस वर्षं हेच. केसाएवढा उंचवटा तिच्या अंगठ्याला कळायचा. तिची कवळी टोचते म्हणून परत आली, असं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं, आणि त्या दिवशी लॅबमध्ये कुणी तिच्या वाटेला जात नसे.

घरातली खाऱ्या पाण्याची टाकी नवऱ्याची. तो फरश्या बसवायचा. गुडघे कामातून गेले तसा घरी बसला. मुलगी नोकरीसाठी दूर गेलेली, म्हणून वेळ घालवायला त्यानं मासे आणले.

"घरात बोलतं माणूस असताना मुक्या माशांशी काय बोलतोस?" ती विचारायची.

"ते उलट बोलत नाहीत," तो म्हणायचा.

एके दिवशी त्यानं मुठीएवढा केशरी गोळा आणला. पोवळं. दुकानदार म्हणाला होता, ह्याला उजेड लागत नाही, काही कटकट नाही, कोपऱ्यात ठेवून द्या. त्यानं ठेवून दिलं. तीन आठवडे तो गोळा मूठ आवळल्यासारखा मिटून बसला. टाकीकडे कधी न बघणारी कवळीताई एकदा चहाचा कप धुता धुता थबकली.

"अरे, ह्याचं हाड दिसतंय."

हिरडी मागे सरकली की दाताचं मूळ कसं उघडं पडतं, हे तिनं हजार वेळा पाहिलं होतं. तसंच होतं ते. केशरी मांस पातळ होऊन ओसरलेलं, आणि मधूनमधून पांढरं काहीतरी वर आलेलं. तिनं पुस्तक मिळवलं, फोनवर शोधलं, आणि दोन दिवसांत तिला कळलं ते असं: बहुतेक पोवळ्यांच्या अंगात बारीक हिरवं काहीतरी राहत असतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि घरमालकाला वाटा देतं. ह्या जातीकडे तसला भाडेकरू नाही. ह्याच्या अंगभर बारीक तोंडं असतात, आणि प्रत्येकाला स्वतःचा घास स्वतः पकडावा लागतो. समुद्रात तो वाहत येतो. टाकीत कुणी घातला तर मिळतो.

"उजेड लागत नाही म्हणाला ना तो? आणि जेवण लागतं हे कोण सांगणार, ह्याचा बाप?" ती कडाडली. नवरा काचेजवळ वाकून बघायला लागला. तीन आठवडे तो त्याच टाकीसमोर बसत होता.

तेव्हापासून कामावरून आल्यावर साडेपाचला तिचं एकच काम. गोठवलेली बारीक कोळंबी पाण्यात सोडवून कुटायची, तिचं पाणी आधी टाकीत सोडायचं. वीस मिनिटांत वास लागला की मिटलेल्या गाठी फुगायच्या, आणि एकेका तोंडाभोवती पिवळी बोटं पसरायची. मग ड्रॉपरनं एकेक कण एकेका तोंडाशी. बेचाळीस तोंडं. मासे घास पळवायचे, म्हणून नवरा टाकीच्या दुसऱ्या टोकाला त्यांना खाणं दाखवून गुंतवून ठेवायचा. इतकं अन्न पडलं की पाणी खराब होतं, म्हणून शनिवारी मिठाचं नवं पाणी कालवून बादल्या बदलायच्या. पाच महिन्यांत हाड झाकलं गेलं.

हे सगळं कुणाला सांगायची तिला हौस नव्हती. गोष्ट वेगळ्याच ठिकाणी पेटली.

लॅबचं निम्मं काम एका दातांच्या डॉक्टरकडून यायचं. त्यानं नवा दवाखाना थाटला, आणि एका पेशंटच्या दाताचा रंग जुळवायला कवळीताईला तिथे जावं लागलं. बाहेरच्या खोलीत भिंतभर टाकी, निळा दिवा, आणि त्या दिव्याखाली सात केशरी गोळे. सगळे मिटलेले. सगळ्यांच्या कडा पांढऱ्या.

"ह्यांना खायला कोण घालतं?" तिनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"खायला? काकू, शोभेचे दगड आहेत ना ते?"

डॉक्टरला विचारलं, तर तो हातमोजे काढत म्हणाला, "दुकानवाला बघतो ते. तुम्ही रंगाचं बघा."

दुकानवाला म्हणजे तोच, नवऱ्याला 'कटकट नाही' म्हणून सांगणारा. त्याच संध्याकाळी ती त्याच्यापुढे उभी राहिली.

"ताई, उगाच जिवाला लावून घेता," तो म्हणाला. "दर तीन महिन्यांनी जुनी काढतो, नवी ठेवतो. ठरलंच आहे तसं. टाकी कायम केशरी दिसली पाहिजे, एवढंच डॉक्टरांचं म्हणणं."

"म्हणजे ती मरणार, हे तुला आधीपासून ठाऊक आहे."

"मरतं की सगळंच."

"उपाशी? आणि आमच्या ह्यांना काय सांगितलंस तू?"

"उजेड लागत नाही म्हणालो. त्यात खोटं काय?"

ह्या शेवटच्या वाक्यानं तिच्या अंगाची लाही लाही झाली. धडधडीत खोटं बोलला असता तर तिनं त्याला तिथंच गाठला असता. हा माणूस अर्धं खरं बोलून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता, आणि त्यालाही तेच सांगत होता.

"मग आता काय करणार?" घरी नवऱ्यानं विचारलं.

"खायला घालणार. दुसरं काय करतात भुकेल्याला?"

डॉक्टरनं खांदे उडवले. करा, पण पेशंटना अडचण नको. दवाखाना लॅबपासून दोन चौकांवर होता. जेवणाच्या सुट्टीत ती डबा बाजूला ठेवून तिथे जायची आणि उभ्या उभ्या काम करायची. आठवडाभर एकही तोंड उघडलं नाही. आठव्या दिवशी एक उघडलं, जेमतेम, आळशी माणसाच्या डोळ्यासारखं. तिसऱ्या आठवड्यात सातातले पाच गोळे दीड वाजता आपणहून फुलायला लागले. गाल सुजलेली माणसं काचेला नाक लावून बघायची. काउंटरवरची मुलगी स्वतःहून कोळंबी सोडवून ठेवायला लागली. एकदा डॉक्टरही बाहेर आला आणि म्हणाला, "अरे वा! फुलं आहेत की ही!"

कवळीताईला बरं वाटलं. ह्या बरं वाटण्याचाच तिला पुढे सगळ्यांत जास्त राग आला.

कारण पुढच्या मंगळवारी टाकीत सात नवेकोरे गोळे होते. गुबगुबीत, केशरी, मिटलेले. काउंटरवरची मुलगी कीबोर्डवरची धूळ पुसत बसली होती.

"जुनी कुठे आहेत?"

"दुकानवाला सकाळी आला होता. म्हणाला, जुनी अर्धी पांढरी, बरी दिसत नाहीत... डॉक्टर हो म्हणाले. मी सांगितलं, काकू. खरंच सांगितलं."

"कुठे आहेत?"

ती मागच्या मोरीत होती. फरशी पुसायच्या बादलीत, एकावर एक, तळाशी बोटभर पाण्यात. दोन गोळ्यांना वास सुटला होता. बाकीच्यांवर चिकट बुळबुळीत थर. एकाच्या तोंडात कालचा कण अजून अर्धा बाहेर होता.

कवळीताईनं बादली उचलली आणि पेशंट बसले होते त्या खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आला.

"डॉक्टर, तुमच्या पेशंटला खाता येईनासं झालं तर काय करता तुम्ही? त्याला मोरीत टाकून दुसरा पेशंट आणून बसवता?"

"आवाज कमी करा. हा दवाखाना आहे."

"ह्यांना आवाज नाही म्हणूनच तर तुमचं चालतं! तीन आठवडे तुमच्या डोळ्यांसमोर खात होती. फुलं म्हणालात तुम्ही. फुलं! आणि त्या मेल्याला एका शब्दानं विचारलं नाहीत, ही कुठे नेतोस म्हणून?"

"ती माझी आहेत," डॉक्टर म्हणाला. "मी त्यांचं काहीही करीन."

"मग उचला. घाला हात बादलीत."

डॉक्टरनं हात घातला नाही. तोंडात कापूस असलेला एक गृहस्थ "बोबव हाए" असं काहीतरी म्हणाला, आणि कवळीताई बादली घेऊन बाहेर पडली. बसमध्ये दोघं उठून दुसरीकडे बसले. घरी नवऱ्यानं कपाटावरची जुनी टाकी खाली ओढली आणि पाणी कालवायला घेतलं. वासाचे दोन गोळे त्या दिवशीच फेकावे लागले. आठवड्याभरात आणखी दोन गेले. तीन तगले.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या मालकानं बोलावलं. "ताई, एक ओळ लिहून द्या. चूक झाली म्हणून."

"कोणती चूक? बादली नेली ती? बादली धुऊन परत देते."

"एका दगडापायी निम्मं काम जाईल हो!"

काम गेलं. डॉक्टरनं दुसरी लॅब धरली. मालकानं तिला काढलं नाही, तिच्यासारखा हात त्याला मिळणार नव्हता. पण तो तिच्याशी महिनाभर घुम्यासारखा वागला, आणि हिच्यापायी आपलंही काम घटलं, असं बरोबरीच्या बायका तिच्या पाठीमागे कुजबुजायच्या. त्यांच्यावर तिला रागावता येईना. त्यांचं खरं होतं. रागवायला स्वतःच उरली. पहिल्याच दिवशी मागून घेतली असती तर साती घरी आली असती. आपण कौतुक ऐकत बसलो.

मग ती रविवारी सकाळी दुकानासमोरच्या फुटपाथवर उभी राहायला लागली. केशरी गोळा घेऊन कुणी बाहेर पडला की त्याला अडवायची. "रोज एकेका तोंडात घास घालणार का? नाही? मग परत करा." काही हसायचे, काही चिडायचे, काही खरोखरच परत फिरायचे.

"पोलिसांना बोलावीन," दुकानवाला म्हणाला.

"बोलाव. त्यांनाही सांगते."

तिसऱ्या रविवारी नवरा घडीचं स्टूल घेऊन आला, कारण त्याला उभं राहवत नव्हतं आणि तिला एकटं सोडवत नव्हतं. चार महिन्यांनी दुकानवाल्यानं ती जात आणणं बंद केलं. सुधारला वगैरे नाही. गिऱ्हाईक तुटत होतं. त्या जागी आता तो दुसरं काहीतरी विकतो, आणि त्याबद्दल किती अर्धं सांगतो, हे ती जाऊन बघून येते.

वर्षभरानं डॉक्टरचा फोन लॅबच्या मालकाला आला. एका म्हाताऱ्याचा खालचा जबडा पार झिजलेला, नव्या लॅबच्या दोन कवळ्या बसल्या नव्हत्या. कवळीताईनं काम घेतलं, कारण म्हाताऱ्याच्या तोंडानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. कवळी बसवून बघायला ती स्वतः गेली. बाहेरच्या टाकीत प्लॅस्टिकची केशरी पोवळी डुलत होती.

"आता तरी खूश?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "सरका, उजेड अडवताय."

म्हाताऱ्यानं कवळी लावली, दोनदा चावून बघितली आणि मान डोलावली. "छान आहे हो. काही टोचत नाही."

"डोळ्यांत पाणी आलंय तुमच्या, आणि म्हणे टोचत नाही! माझी भीड धरताय की डॉक्टरांची? बोट ठेवा. कुठे दुखतंय?"

म्हाताऱ्यानं ओशाळून डाव्या बाजूला, मागे, बोट ठेवलं.