न चाखता केलेला दोमोदा

ब्रिकामा गावच्या बाजारामागं आमचं आवार आहे. मध्ये आंब्याचं झाड, भोवती पत्र्याच्या खोल्या आणि कोपऱ्यात तिदामावशीचं रांधणघर. आवार तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर ती मालकीण झाली आणि मालकिणीसारखीच बोलायला लागली. मी तिची भाडेकरू. दिवसभर बाजारात कांदे विकायचे आणि घरी येऊन तिची बोलणी खायची, असं माझं चाललेलं असतं. पण तिच्या हातचा दोमोदा पुढ्यात आला की बोलणी विसरायला होतं, हेही खरं.

तसा दोमोदा काय, शेंगदाण्याचा रस्सा, इथं कुणीही करतं. कांदा, टोमॅटो, मांसाचे तुकडे, भोपळा, कडू वांगं, मिरची, आणि भरपूर शेंगदाण्याचं वाटण. पण एकदा वाटण पातेल्यात पडलं की बाई चुलीपाशीच हवी. ढवळायचं थांबलात की बुडाला लागतं. तेल सुटून वर येईपर्यंत धीर धरला नाही, तर नुसती खळ होते. शेवटी लिंबू पिळायचं, तेही बेतानं. तिदामावशीच्या पातेल्यात हे सगळं वर्षानुवर्षं जमून येत होतं, आणि तिची खरी ऐट होती ती रमझानातली.

रोजा असताना रांधणारीनं रस्सा जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकला तर चालतं. आम्ही सगळ्या तेच करतो. मावशी मात्र म्हणायची, "जीभ कशाला लावायची? जिच्या नाकाला मीठ कळत नाही तिनं चुलीपुढं बसूच नये." आणि संध्याकाळी खरोखरच मीठ तिळभर इकडं की तिकडं नसायचं. इमामांच्या घरीसुद्धा तिच्याकडून वाडगं जायचं.

जीभ चाखायला वापरत नसली तरी ती रिकामी नव्हती. पलीकडच्या खोलीतली हावा अंगावर पाजत होती तेव्हा तिनं रोजे धरले नव्हते. धर्मात तशी मुभा आहे, नंतर भरून काढायचे असतात. पण मावशीनं तिचं नाव 'दुपारची पंगत' ठेवलं. "काय गं पंगत, उठली का?" असं भर आवारात विचारायची. हावाचा मुलगा आता शाळेत जातो, पण ते नाव काही हावाच्या मनातून गेलेलं नाही.

यंदा चंद्र दिसला त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या आंब्याखाली बसलो होतो. मावशीची सून जैनाबा हळूच म्हणाली, "आई, दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, यंदा रोजे धरू नको."

पोरीला सातवा चालू होता. मागच्या खेपेला मूल पोटातच गेलं होतं. तिचा नवरा यांकुबा लांब बासेच्या रस्त्यावर गाडी चालवतो, घरी असतो तो पाहुण्यासारखा. म्हणजे तिला जे काही विचारायचं ते सासूलाच. आणि सासूनं सवयीनं फणकारा टाकला, "दवाखान्यातल्या बाईनं माझ्या यांकुबाला जन्म दिला होता का? त्याच्या वेळी मी एक रोजा सोडला नाही. वर भाताची कापणी केली."

हावा कुजकं हसली. जैनाबानं मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशीपासून रोजे धरले.

आठवडाभरानं भर दुपारी मी निखारा मागायला मावशीच्या रांधणघरात शिरले. धुरामुळं तिथं सहसा कुणी जात नाही. मावशी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि गाल फुगलेला होता.

"काय करताय?"

तिनं घास कसाबसा गिळला. "चाखतेय."

"भातासकट?"

"दार लोटून घे आधी!"

मग सगळं बाहेर आलं. तिला साखरेचा आजार निघाला होता. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या आणि उपाशी राहिलीस तर कुठंतरी पडशील म्हणून बजावलं होतं. आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. "पण हावाला कळलं तर ती ढोल घेऊन नाचेल," ती म्हणाली. कालचा उरलेला दोमोदा आणि गार भात ती रोज दुपारी इथं बसून खात होती. मला आधी हसूच आलं. यंदा नाकाला मीठ कसं कळतंय, ते गुपित आज फुटलं होतं.

"आणि जैनाबा?" मी विचारलं.

तिनं वाडगं खाली ठेवलं. "तेच तर खातंय मला," ती म्हणाली. आणि मग जे सांगितलं ते ऐकून माझं हसू गेलं. यांकुबाच्या वेळीही ती उपाशी राहिली नव्हती. तिची सासू रोज दुपारी तिला धान्याच्या कणगीमागं बसवून शेंगदाण्याची पेज पाजायची. कापणीही तिनं केली नव्हती, सासूनं उन्हात पाऊल टाकू दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी हावासमोर तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं.

"मग सांगा की पोरीला."

"उद्या सांगते."

तो उद्या काही उगवेना. त्याऐवजी मावशीनं भलतीच वाट काढली. दोमोद्याला उकळी आली की ती जैनाबाला हाक मारायची आणि डाव भरून पुढं करायची, वर मांसाचा मोठा तुकडा ठेवून.

"पोरी, मीठ बघ जरा."

जैनाबा टोकाला जीभ लावायची, थुंकायची. "बरोबर आहे, आई."

"मांस शिजलंय का बघ."

ती बोटानं दाबून बघायची. "शिजलंय."

"बोटाला काय कळतंय? दातानं बघ! एक तुकडा गिळलास तर आभाळ कोसळणार आहे का?"

एकदा मी तिथंच होते. जैनाबानं डाव परत पातेल्यात ठेवला आणि हसून म्हणाली, "परीक्षा घेताय होय माझी? मी तुमच्या उशाखालच्या गोळ्या बघितल्यात, आई. मला माहीत आहे कशाच्या आहेत त्या. एवढी साखर असून तुम्ही पाण्याचा थेंब घेत नाही. दुपारी मला अंधारी येते ना, तेव्हा मी तुमच्याकडं बघते. मग निभतं."

त्या दिवशी ढवळायचं राहिलं आणि दोमोदा बुडाला लागला. जळका वास सगळ्या आवारात पसरला. मावशीच्या पातेल्यातून तसला वास आजवर कधी आला नव्हता.

त्यानंतर तिची दशा बघवत नव्हती. जैनाबाचे कपडे तीच धुवायची, पाणी तीच भरायची, संध्याकाळी सगळ्यांच्या वाडग्यात स्वतःच्या बाजूचं मांस तिच्याकडे सारायची. नमाजाला बसली की उठायची नाही. आणि दुपारी खावं तर लागायचंच. "गिळताना घास घशात फुगतो गं," असं मला म्हणायची. मी चिडून एकदा म्हटलंसुद्धा, "मावशी, घशातला घास सोडा, तोंडातला शब्द बाहेर काढा." तेव्हा ती रडली, पण सांगितलं काही नाही. हावाच्या हसण्याची एवढी धास्ती घेतलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

शुक्रवारी जैनाबा उखळापाशी मिरी कुटत होती. कुटता कुटता खाली बसली, आणि बसल्या जागीच आडवी झाली. मुसळ घरंगळत आंब्यापर्यंत गेलं. आम्ही तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. नर्सबाईनं पोटावर कान लावला, जागा बदलून पुन्हा लावला. मग म्हणाली, "ठोके आहेत. पण अंगात पाणी नाही हिच्या. पुन्हा असं झालं तर मला विचारायला येऊ नका." मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही जैनाबाला आंब्याखाली चटईवर निजवलं. हावानं पेज आणली, आणि तिच्या आवाजात कधी नव्हे ती माया होती. "खा गं बाई. मीही खाल्लं होतं. देवानं मला काही जाळून टाकलं नाही."

"आजचा धरून बघते," जैनाबा म्हणाली. तिचे ओठ फुटले होते. "आईंना या वयात झेपतंय, मला का नाही झेपणार?"

मावशी तिथंच शेंगा सोलत होती. ती उठली आणि रांधणघरात गेली. बाहेर आली ती भाताचं मोठं वाडगं घेऊन, वर कालचा दोमोदा. ऊन डोक्यावर होतं. ती आवाराच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत खाली बसली, बिस्मिल्ला म्हणाली आणि मोठा घास घेतला. चावला आणि गिळला. हावाच्या हातातली पळी तशीच राहिली.

"पहिल्या दिवसापासून खातेय मी," मावशी म्हणाली. आवाज फाटला होता, पण ती थांबली नाही. "आणि यांकुबाच्या वेळीही खात होते. सासू भरवायची मला. मी खोटं बोलले. हावा, तुला काय हसायचंय ते हस. पोरी, तू ये. बस इथं."

तिनं मांसाचे तुकडे वाडग्याच्या पलीकडच्या बाजूला सारले, आणि जागा करायला स्वतः मागं सरकली.

जैनाबा चटईवर उठून बसली. "रोज खात होता?"

"रोज."

"काल मी पडले तेव्हासुद्धा?"

मावशीनं मान डोलावली. "तू कुटत होतीस तेव्हा नुकतीच जेवून उठले होते."

हावा हसली नाही. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती घटका आली, आणि तिनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

जैनाबानं एक हात पोटावर ठेवला. आमच्याकडं बायका एकाच वाडग्यात जेवतात. भांडण झालं तरी वाडगं एकच राहतं, फक्त कुणी कुणाकडं बघत नाही. जैनाबा म्हणाली, "जेवते मी. पण माझं वेगळं वाढा."

मावशी उठली. दुसरं वाडगं धुऊन आणलं, त्यात भात घातला, सगळं मांस त्यात काढलं, आणि ते तिच्यापुढं ठेवून परत आपल्या जागी येऊन बसली. जैनाबा तिच्याकडं पाठ करून जेवली, अगदी शेवटच्या शितापर्यंत. मावशी आपल्या भातात हात तसाच ठेवून तिच्या पाठीकडं बघत राहिली.