केळफूलचे जनूदादा

“मेलास ना? बेस मेलास. आता हस बगू.”

जनूदादांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. वसईत, होळी नावाच्या भागाजवळच्या त्यांच्या वाडीत एक म्हातारा नट पांढऱ्या चादरीखाली पडला होता. नाकात कापूस, उशाशी दिवा. शॉट झाला, सगळे पांगायला लागले, आणि लुंगी नेसलेला एक किडकिडीत माणूस उकिडवा बसून त्या प्रेताला हसायला सांगत होता. म्हातारा दमला होता, त्याला चहा हवा होता. “कॅमेरा चालू ठेवा रे!” दादा ओरडले. म्हाताऱ्याने नाकातला कापूस उपटून कसंनुसं हसून दाखवलं, तेव्हा कुठे त्याच्या हातात कप पडला. मी नोकरी मागायला आले होते. वाटलं, इथून आल्या पावली मनवेलपाड्याला घरी परत जावं. गेले नाही, आणि पुढची बरीच वर्षं त्याच वाडीत काढली.

मेल्याचा प्रसंग चित्रित झाला की त्या नटाला कॅमेऱ्यासमोर हसवायचं, म्हणजे अपशकुन उतरतो, ही या धंद्यातली जुनी रीत. बहुतेक ठिकाणी ती चेष्टेवारी पाळतात. दादांकडे चेष्टा नव्हती. हसणं टेपवर यायलाच हवं. नुसतं इकडे-तिकडे हसलेलं चालायचं नाही. “जे टेपवर गेला, ते टेपवरच फेडायचा,” ते म्हणायचे. रिकामी तिरडी ते कुणाला उचलू देत नसत, आधी तिच्यावर केळीचा लोंगर, अख्खा घड, ठेवायचे. ‘शेवटचा शॉट’ हे शब्द कुणी उच्चारले तर चिडायचे. “शेवटचा नाय म्हनायचा, बाय. आजच्यापुरता म्हनायचा.” मी मुळातच भित्री, पण दादांपुढे मी म्हणजे झाशीची राणी.

त्यांच्या कंपनीचं नाव ‘केळफूल’. वडील केळी आणि फुलं मुंबईला पाठवायचे. मुलाने लग्नाचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली, तेव्हा वडील म्हणाले होते, “दुसऱ्याच्या लग्नात नाचून कोनाचा पोट भरलाय?” पण नव्वदच्या सुमाराला गावोगावी केबल आली, नवनव्या वाहिन्या आल्या, आणि दादांनी केळी पिकत घालायची शेड रिकामी करून तिथे संकलनाची मशीनं बसवली. भिंतींना पिकल्या केळ्याचा वास शेवटपर्यंत होता. पाहुणे आले की नाक वर करून विचारायचे, “काही शिजतंय का?” दोन-तीन माहितीपट, एक लहान मुलांची मालिका, आणि मग एका मराठी वाहिनीवर दर रविवारी संध्याकाळी लागणारी कोळीवाड्याची मालिका. वसईच्या माणसाने वसईत बसून केलेली मालिका म्हणून आमची कॉलर ताठ झाली होती. मी कंटिन्युइटी बघायचे, म्हणजे मागच्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता ते लक्षात ठेवायचं काम.

त्या मालिकेत एका मच्छिमाराचं प्रेत किनाऱ्याला लागतं असा प्रसंग होता. अर्नाळ्याला शूटिंग होतं. ठरलेल्या नटाने ओल्या वाळूत पडायला ऐनवेळी नकार दिला. तेव्हा ज्याची बोट आम्ही भाड्याने घेतली होती तो हिराजी पुढे आला. तिशीतला, खांद्याने रुंद, सदा चेष्टेच्या मूडमध्ये. “मी पडतो की. पानी काय मला नवा हाय?” तो बादलीभर वाळू अंगावर ओतून घेऊन पालथा पडला, लाटेने त्याला उताणं केलं, आणि आमच्या अंगावर काटा आला. इतकं खरं कुणी नट मेला नसता.

नेमकी तेव्हाच बॅटरी बसली. दुसरीत खारं पाणी गेलेलं. उजेडही उतरत आला होता. हिराजी उठला, वाळू झटकून खदखदून हसलासुद्धा, पण कॅमेरा बंद होता. दादांचा चेहरा पडला. “उद्या सकाळी येतो. फक्त हसायचा. कुठं जाऊ नको.” हिराजी म्हणाला, “येवा की!” आणि निघताना डोळे मिचकावून मला सांगितलं, “ताई, घरी मी काय बोललो नाय. टीव्हीवर येनार, एवढाच सांगितलाय. मेलेला येनार ते रविवारी बगतील.”

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅमेरा घेऊन पोचलो, तर त्याची बोट पहाटेच खोल समुद्रात गेली होती. मासळी लागल्याची खबर आली तर कोळी हसायला थांबतो होय? मी तसं म्हणाले. दादा किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला विचारत सुटले, हिराजी कधी परतणार.

चार-पाच दिवसांनी वारं सुटलं. रेडिओवर मच्छिमारांसाठी इशारे सुरू झाले. वाडीतल्या केळी आडव्या झाल्या, पण दादा तिकडे फिरकले नाहीत. रोज अर्नाळ्याला जायचे. एकेक बोट परत येत होती. हिराजीची येत नव्हती. बोंबील वाळवायच्या काठ्या रिकाम्या होत्या आणि बायका तोंडाला पदर लावून समुद्राकडे बघत बसलेल्या. मी एकदा बरोबर गेले, पुन्हा गेले नाही.

आणि रविवार जवळ येत होता. टेप आधीच वाहिनीकडे पोचली होती. हिराजीची बायको जमना, त्याची आई, सगळी आळी टीव्हीसमोर बसणार, आणि त्यांना त्याचं प्रेत दिसणार.

शनिवारी दादा मला घेऊन वाहिनीच्या कचेरीत गेले. तिथली अधिकारी तरुण मुलगी होती, सभ्य होती. “सर, ऐनवेळी भाग मागे घेतला तर वरचे लोक मालिका बंद करतील. आणि वादळाचा नि भागाचा काय संबंध?”

“बाई,” दादा म्हणाले, “त्याची बायको बगायला बसनार हाय.”

ती उठली, आत जाऊन टेप घेऊन आली. ती टेप काखोटीला मारून दादा जिना उतरले. केळफूलचं मरण त्या जिन्यावर सुरू झालं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

रविवारी संध्याकाळी दादा हिराजीच्या घरी जाऊन बसले. मला म्हणाले, “तू चल, बाय. एकट्याला माझ्याने बसवनार नाय.” घर माणसांनी भरलेलं. मालिका सुरू झाली आणि जुनाच भाग लागला. मी श्वास सोडला. जमना शेवटपर्यंत डोळ्याची पापणी न हलवता बघत होती. संपल्यावर हिराजीची म्हातारी आई दादांकडे वळून म्हणाली, “आमचा हिराजी कवा येनार?”

म्हातारी टीव्हीबद्दल विचारत होती की समुद्राबद्दल, हे मला आजही ठाऊक नाही.

हिराजी आला नाही. बोटीचं काहीच सापडलं नाही, माणसंही नाहीत. कुणी म्हणालं, पाकिस्तानवाल्यांनी पकडलं असेल, तिकडच्या तुरुंगात असेल, सुटून येईल. जमनाने ते धरून ठेवलं. दिवस घालू दिले नाहीत, कुंकू पुसलं नाही. इकडे महिनाभरात मालिका बंद झाली. मशीनं एकेक करून गेली, माणसं गेली, आणि केळफूल पुन्हा लग्नाच्या व्हिडिओंवर आलं. मी राहिले, कारण दादांना एकटं सोडवत नव्हतं. तो माणूस आतून पोखरला जात होता.

“दादा, तुफानाला काय ठाऊक, कोण हसलं नि कोण नाही?” मी एकदा वैतागून म्हणाले.

“तुफानाला नाय,” ते म्हणाले. “पन मला ठाऊक हाय ना.”

ती टेप आणि अर्नाळ्याच्या शूटिंगची मूळ टेप त्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या. त्या कपाटाकडे पाठ करूनही ते बसत नसत. आणि जमना टेपच मागायला यायची. “टीव्हीवर येनार व्हता ना तो? मला दाखवा.” टेपवर काय आहे ते तिला माहीत नव्हतं. पहिल्यांदा दादांनी सांगितलं, टेप वाहिनीकडे आहे. मग सांगितलं, बुरशी लागली. ती मुकाट्याने परत जायची. ती फाटकातून बाहेर पडली की दादा घामाने डबडबलेले असायचे. “तिला काय दाखवू, बाय? हसताना एक क्षन नाय माझ्याकडं. नुसता मढा हाय.”

अशी दोन वर्षं गेली. मग एका दुपारी ती आली आणि पायरीवर बसली. बारीक झाली होती. दादा तोंड उघडायच्या आत म्हणाली, “आळीतल्या पोरांनी सांगितला मला. मेलेला हाय ना तो त्याच्यात? असू दे. मेलेला तर मेलेला, दाखवा.”

दादा माझ्याकडे बघायला लागले. इतका घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. किल्ली त्यांच्याने कुलपात जाईना. मी कपाट उघडलं, मूळ टेप लावली. दादा दारातच भिंतीला धरून उभे राहिले.

पडद्यावर अर्नाळ्याचा किनारा आला. लाट आली, तिने हिराजीला उताणं केलं, पुढची लाट आली आणि त्याला थोडं वर सरकवून गेली. जमना पडद्याच्या अगदी जवळ सरकली. तिने त्याच्या पायांवर हात ठेवला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता ही कोसळणार, आपण हे काय केलं. मग बॅटरी बसली होती तिथे चित्र तुटलं आणि पडदा काळा झाला.

तिने हात काढला नाही. “बरा झाला,” ती हळूच म्हणाली. “किनाऱ्याला तरी लागला.”

आणि मग तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि हंबरडा फोडला. दोन वर्षांचं रडणं ते. दादा भिंत सोडून आत आले. तिच्याशेजारी जमिनीवर बसले, घरातल्या माणसासारखे, आणि तेही रडायला लागले. मी मशीन बंद केलं. त्या पंधरवड्यात अर्नाळ्याला हिराजीचे दिवस घातले, आणि पिंड ठेवताना जमनाने पाहुण्यांतून जनूदादांना पुढे बोलावून घेतलं.