कूलरमागचा सिग्नल

ज्यांनी अकोल्याच्या जठारपेठेतला उन्हाळा काढला नाही, त्यांना मी खोटारडा वाटेन. तरी सांगतो. त्या वर्षी गच्चीवर वाळत घातलेले आमचे पापड तळूनच खाली यायचे, आणि कावळे न्हाणीच्या दारावर टकटक करून आत घ्या म्हणायचे.

घरात एक जुना डेस्कटॉप होता. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या दांड्यांवर माझा भरवसा नव्हता, म्हणून खटपट करून वरच्या पट्टीवर, घड्याळाशेजारी, सिग्नल किती टक्के ते दिसेल अशी सोय मी केली. बस, घराला नाद लागला! बाबा पेपर उघडायच्या आधी आकडा पाहत. सोयरे आले की पाण्याआधी त्यांना आकडा दाखवायचा, आणि तेही नव्या नातवाचं वजन ऐकल्यासारखे खूश व्हायचे.

एप्रिलात मात्र सत्तरीतला आकडा विशीत येऊन पडला. आणि नेमकी तेव्हाच ताईची मुलाखत, पुण्याच्या कंपनीशी, व्हिडिओवर, याच डेस्कटॉपवरून. शिकून घरी बसलेल्या ताईला आलेलं ते पहिलंच बोलावणं.

त्या सकाळी मी पट्टीकडे डोळे लावून बसलो होतो. रात्रभर चाललेल्या कूलरची टाकी कोरडी पडली होती आणि आकडा छान वर चढला होता. एवढ्यात बाबांनी टाकीत बादली ओतली. आकडा घसरला. दुसरी ओतली, आणखी घसरला. मी धावत कूलरच्या मागे गेलो. तिथे खिडकीच्या कठड्यावर, ओल्या वाळ्याजवळ, जावयासारखा ऐटीत राऊटर बसलेला.

"बाबा, हा इथं कोनं ठेवला?"

"म्या. तव्यावानी तापून राहिला होता. त्याले का जीव नाही?"

"अन् मधात लोखंडाची पेटी, त्यात टाकीभर पाणी! सिग्नल जाईन कुठून?"

ताई आतून कडाडली, "बाबा, नोकरी मले पायजे, राऊटरले नाही!"

"अन् तो तापून जयला म्हणजे? मंग तुही मुलाखत का कबुतर नेईन वं?"

शेवटी तह झाला. राऊटर टेबलाजवळच्या स्टुलावर आला. कूलर बंद, कारण त्याची घरघर तशीही पुण्यापर्यंत ऐकू गेली असती. बाबांची अट एकच: वारा ते घालणार.

मुलाखत सुरू झाली. ताई खुर्चीत ताठ. स्क्रीनच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असे, बाबा जमिनीवर मांडी घालून दुपट्ट्याने राऊटरला वारा घालत होते. बनियन पिळलं असतं तर टाकी भरली असती. हात बदलायचे, पण थांबायचे नाहीत. अधूनमधून मला खुणेनं विचारायचे, कितीक? मी बोटांनी नव्वद दाखवायचो. अकोल्यात नव्वद कोणी पाहिले नव्हते.

ताई धडाधड उत्तरं देत होती. मग तिकडच्या बाईंनी विचारलं, "घर सोडून पुण्यात राहायची तयारी आहे ना?"

ताईची नजर स्क्रीनवरून खाली गेली, दुपट्ट्यावर, आणि तिथेच राहिली.

"हॅलो? तुमचा आवाज येत नाहीये. नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे का?"

बाबांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं आणि ते दुपट्टा दुप्पट जोरात फिरवायला लागले. मी पट्टीकडे पाहिलं. आकडा तसूभर हलला नव्हता.

"आहे," ताई म्हणाली. "तयारी आहे."