बिनमुंड्या बाजारात गेला तेव्हा

आमच्या घरात माझ्या शिक्षणाला कोणाचाही विरोध नव्हता. विरोध होता तो फक्त वानरांचा.

हिवरखेडच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची भाजीची वाडी. टमाटे, वांगे, भेंडी आणि बांधावर झेंडू. आम्ही पिकवायचं आणि वानरांनी जेवायचं, ही वाटणी आजोबांच्या काळापासून ठरलेली. वानर टमाटा खाऊन संपवत असतं तर एक वेळ माफ केलं असतं. ते एक चावा घेते, तोंड वाकडं करते, टमाटा फेकून देते आणि दुसरा तोडते! (म्हणजे चव आवडली नाही, तरी खात्री करून घेते.) म्हणून दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कोणीतरी वाडीत बसून ‘हाऽऽड’ करत ओरडावं लागे. त्यासाठी बाबा सातवीतून उठले. आत्या पाचवीतून उठली. मी बारावी पास झाले, पेढे वाटून झाले, आणि सगळ्या घरानं माझ्याकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, “शीक. मी नाही म्हनत नाही. पन राखन करून शीक. ज्या दिवशी टमाटे गेले, त्या दिवशी तुह्यं कॉलेज बंद.”

मग आठवड्यातले तीन दिवस मी अकोटच्या कॉलेजात आणि तीन दिवस वाडीत. वर्गात सर नाव पुकारायचे तेव्हा ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी दोनदा माझ्या तोंडून ‘हाऽऽड’ निघालं आहे. सर भले माणूस, हजेरी लावली.

आता हे सगळं आजच का आठवलं? तर आमच्या त्या भुताच्या गेमचा दहावा भाग येणार असं जाहीर झालंय. चाहत्यांच्या ग्रुपवर सगळे आपापल्या आठवणी काढून राहिले आहेत. पुण्याच्या एकानं लिहिलं, ‘मी पहिला भाग हेडफोन लावून, खोलीत अंधार करून एकट्यानं खेळलो.’ मी लिहिलं, ‘तिसऱ्या भागानं आमचे टमाटे राखले आणि मग बुडवले.’ तेव्हापासून लोक विचारताहेत, ताई, नेमकं काय झालं होतं?

तर झालं असं. ‘पोट्ट्या शिकून राहिल्या’ म्हणून मामांनी अकोल्याहून एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. आधीच्या मालकानं त्यातला गेम पुसला नव्हता, पाचही भाग तसेच होते. नाव इंग्रजी, दीड ओळीचं. मी आणि धाकटी बहीण रूपा, आम्ही त्याला ‘दारवाला गेम’ म्हणायचो, कारण त्यात माणूस दार उघडतो, मागे भूत असते, तो पळतो, आणि पुढे पुन्हा दारच असते. तिसऱ्या भागातलं सगळ्यात मोठं भूत मुंडकं नसलेलं. त्याचं नाव आम्ही ठेवलं बिनमुंड्या. (मुंडकं नाही तर तो ओरडतो कुठून, यावर ग्रुपवर आजही भांडणं होतात.) दोघींपैकी एकीनं डोळे उघडे ठेवायचे, एकीनं मिटायचे, अशी पाळी होती. माझी पाळी बहुतेक मिटण्याचीच यायची.

बाबांना आम्ही सांगितलं होतं की हा अभ्यास आहे.

शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षा लागली. ओळीनं दोन दिवस! आणि वाडीत टमाट्याला लाली चढलेली. मी डोकं लावलं. माय बाजारात ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची, म्हणून आमच्याकडे एक लाल भोंगा होता. त्यात मायचाच आवाज भरलेला: “या ताई, या! लाजू नका! ताजे टमाटे, कवळे वांगे! पिशवी भरून न्या!” मी तसलाच दुसरा लाल भोंगा आणवला, त्याच्या मेमरी कार्डात बिनमुंड्याची डरकाळी भरली आणि वाडीत टांगला.

पहिल्याच डरकाळीला वानरं अशी पळाली की दोन पिल्लं चुकीच्या आईच्या पोटाला लटकून गेली!

बाबा खूश. “हा कोन्या जनावराचा आवाज होय वं, वैशे?”

“कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आनला बाबा.” (मी.)

“पाह्य! शिक्षनाचा असा उपेग पाह्यजे!” बाबांनी ही गोष्ट अख्ख्या गावाला सांगितली.

चार दिवसांनी वानरं सरावली. एक म्हातारं वानर तर भोंग्यावरच बसून शेपूट हलवताना रूपाला दिसलं. पण आम्हीही पाच भागांच्या चाहत्या होतो! पाचव्या भागात गेमवाल्यांनी एक युक्ती केली होती. आवाज नाहीच. दोन मिनिटं शांतता. माणसाला वाटते, गेलं बापा भूत. आणि मग एकदम! प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी सकाळी, वेणी घालता घालता, मी तशी नवी फाईल बनवली. दोन मिनिटं शांतता, मग डरकाळी, पुन्हा शांतता. मायच्या भोंग्याचंही कार्ड कॉम्प्युटरला लावलेलं होतं, आवाज थोडा वाढवून द्यायला. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मी दोन्ही कार्डं दोन्ही लाल भोंग्यांत कोंबली आणि धावले.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण गावातल्या इतक्या लोकांनी मला ते इतक्या वेळा करून दाखवलं आहे की पाहिल्यासारखंच.

बाजाराचा दिवस. मायऐवजी बाबांनी पाल ठोकलं, टमाट्याचा ढीग रचला, भोंग्याचं बटण दाबलं. आवाज नाही. बाबांनी आवाज पूर्ण वाढवला. तरी नाही. भोंगा हलवला, त्याच्या पाठीवर दोन थापडा दिल्या. शेवटी तोंडाशी कान लावला.

बिनमुंड्या ओरडला.

बाबा मागच्या कांद्याच्या ढिगात! शेजारी लिंबं विकणारी शांताकाकू, तिची टोपली उलटून लिंबं थेट गटारापर्यंत. कोणाची तरी बकरी दावं तोडून मेथीच्या पालात घुसली. दहा पावलं लांब बांगड्या भरणारी बाई गिऱ्हाइकाचा हात तसाच धरून पळाली, आणि गिऱ्हाईकही मागे मागे पळालं, कारण हात तिच्याकडे होता!

बाबांनी घाईघाईनं बटण दाबलं. शांतता. बंद झाला म्हणून त्यांनी कपाळ पुसलं. शांताकाकू लिंबं वेचत म्हणाली, “काय होतं हो भाऊ थे?”

“प्रयोगशाळेचा आवाज होय. वांदरायसाठी. आता बंद केला.”

बंद झालाय की नाही, याची खात्री करावी म्हणून त्यांनी बटण पुन्हा दाबून पाहिलं. काहीच वाजलं नाही. म्हणजे बंदच! निर्धास्त होऊन त्यांनी एका बाईला दीड किलो टमाटे तोलायला घेतले. तराजू वर उचलला...

दुसऱ्या वेळी टमाटे कुठवर उडाले, याबद्दल गावात दोन मतं आहेत.

एवढ्यात कॉलेजची तीन पोरं धावत आली. ती पळून जात नव्हती, भोंग्याकडे येत होती! त्यातला एक आनंदानं ओरडला, “काका, तिसरा भाग! हे तर तिसऱ्या भागातलं भूत होय!”

“कशाचा भाग?”

“गेमचा, काका! कॉम्प्युटरवरचा गेम! तुमी खेळता?”

मग तिघांनी मिळून बाबांना दारं, भुतं, पळापळ, सगळं समजावून सांगितलं. पोरांनी भोंगा बंद करून दिला आणि काकांबरोबर फोटोही काढला. (तो फोटो मला परवा ग्रुपवर सापडला. बाबांच्या डोक्यात कांद्याची पात आहे.)

इकडे वाडीत काय चाललं असेल, ते हुशार वाचकांनी ओळखलंच असेल. रूपा सकाळीच तिथे भोंगा टांगून, बटण दाबून, डरकाळीच्या भीतीनं कानात बोटं घालून पळाली होती. माय दुपारी भाकर बांधून वाडीत गेली, तर भोंगा तिच्याच आवाजात, मोठ्या मायेनं सांगत होता, “या ताई, या! लाजू नका! ताजे टमाटे, कवळे वांगे!” आणि वानरं लाजत नव्हती. सरींमधून पंगत बसली होती. लेकुरवाळ्या पुढे, गडी मागे. माय म्हणते, मला पाहून एकानं जागा करून दिली.

संध्याकाळी मी एसटीतून उतरले. प्रॅक्टिकल झकास झालं होतं. घरी बाबा खाटेवर बसलेले, समोर दोन लाल भोंगे.

“बस वं.”

मी बसले.

“तुह्या प्रयोगशाळेत दारं किती हायेत?”

 रूपा दाराआड लपली.

“अर्ध्या सऱ्या गेल्या. त्याचं मले काही नाही, वांदरं तं माह्या बापापासून खाऊन राहिले. पन मी गावभर सांगत फिरलो न, पोरगीनं प्रयोगशाळेतून आनलं म्हनून. तू खोटं काहून बोलली?”

“गेम म्हनलं असतं तं तुमी कॉम्प्युटर फेकला असता.”

“हाव. फेकला असता,” बाबा प्रामाणिकपणे म्हणाले. मग उठले. “उद्यापासून वावरात बसायचं. झालं तुह्यं कॉलेज.”

दुसरं प्रॅक्टिकल दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. ते बुडालं असतं तर तीन वर्षं पाण्यात. मी रडले, गयावया केली. माय म्हणाली, “एक डाव पाहून तं घ्या, पोट्ट्या काय पाहतेत थे!”

बाबा कॉम्प्युटरसमोर बसले. मी गेम लावला. रूपाला दाराआडून ओढून आणलं, पण बाबा म्हणाले, “नाही. तूच खेळ. एकटी.” मी दार उघडलं. दुसरं उघडलं. तिसऱ्या दारामागून बिनमुंड्या निघाला, आणि मी, पाच भागांची चाहती, तीन वर्षं वानरं राखलेली मुलगी, किंचाळून माउस फेकला आणि बाबांच्या पाठीमागे धोतर धरून लपले.

 बाबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“वैशे, तुनंच भरला न हा आवाज?”

“हाव.”

“आन तूच भेते?”

“हाव.”

बाबांनी खाली पडलेला माउस उचलून जागेवर ठेवला. मग मायकडे वळून म्हणाले, “इले वावरात बसवून काही फायदा नाही वं. वांदरायलेच इची राखन करा लागन. जाऊ दे कॉलेजले!”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत बाबांनी मला स्वतः बसवून दिलं. वाडीचं काय केलं? माय बांधावर उभी राहिली आणि आदल्या दिवशीच्या पंगतीचा सगळा राग तिनं वानरांवर काढला. रूपानं तो आवाज भरून घेतला, मध्ये मध्ये पाचव्या भागातली शांतता टाकली, आणि तो भोंगा पूर्ण हंगाम चालला. वानरं तर आलीच नाहीत, बाबाही वाडीत जाताना भोंगा आधी बंद करायचे. अजून करतात.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. पदवी घ्यायला अमरावतीला गेले तेव्हा बाबा सोबत होते आणि भेटेल त्याला सांगत होते, “पोरगी होय माही.” आता मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवते. रूपा इंजिनीअर होऊन राहिली आहे.

पदवीचा विषय सांगायचाच राहिला. प्राणिशास्त्र! आणि सगळ्यात कमी मार्क ज्या पेपरात पडले, त्याचं नाव होतं ‘प्राण्यांचे वर्तन’.